पाणी तोडल्यानंतर

होटगीकडे जाणारा रस्ता सोडला
की बाभळींमागे आमचा सव्वा एकर.
साठ ओळी मका. प्रत्येक ओळीच्या तोंडाशी
पत्र्याचा एक आकडा.
मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी व्हॉल्व बंद केला
आणि चावी पर्समध्ये टाकली.
तुरा यायला अजून बारा दिवस होते.

शेजारच्या बांधावरून इराप्पा बिराजदार
बराच वेळ बघत राहिले.
"पाणी असून देत नाही म्हणता?"
हो. असून.

मक्याचं असं आहे:
तुरा डोक्यावर, कणीस कमरेला.
तहान लागली तरी तुरा वेळेवरच फुलतो,
थांबत नाही कुणासाठी.
खाली केस मात्र अडून बसतात पानांच्या आत,
चार दिवस, सहा, कधी नऊ.
बाहेर डोकावतात तेव्हा पराग केव्हाच उडून गेलेला.
माझं सगळं शास्त्र
या चार-सहा दिवसांत राहतं.

एका केसाचा एक दाणा.
हे पहिल्यांदा कळलं तेव्हा अशोक चौकातला माग आठवला.
ताण्यातला एक धागा तुटला
तर नान्ना अख्खा माग थांबवायचे,
जिभेवर बोट ओलं करून गाठ मारायचे,
मग पुन्हा खटखट.
इथे गाठ मारता येत नाही.

सकाळी सात ते दहा, तेवढाच वेळ.
पुढे पराग उन्हानं मरतो.
ताहेरा कागदी पिशव्या चढवते, मी तारखा लिहिते.
तुऱ्याची तारीख, केसांची तारीख, वजाबाकी.
ओळ चार: सात दिवस.
ओळ नऊ: आठ.
ओळ एकवीस: केस आलेच नाहीत.
ओळ सतरा: शून्य.

शून्य.
दोनदा मोजलं. दुपारी दोनला परत गेले,
बाकीच्या ओळींची पानं सुरळी होऊन उभी,
आणि ही उघड्या तळहातांची.
त्या रात्री मी तिचं नावसुद्धा ठरवून टाकलं,
कुणाला सांगितलं नाही एवढंच.

सहाव्या दिवशी गुरुबसप्पा, रात्रीचा राखणदार,
चपला बांधावर काढून आत आला.
"रागावू नका की मॅडम.
लई गोंडस होती ती ओळ.
मान टाकलेली बघवेना.
रोज दोन-दोन बादल्या. हौदातलं.
तुमच्या मीटरचं नव्हे."

रागावले. खोटं कशाला सांगू, स्टेपलर फेकला.
तो जमिनीच्या भेगेत गेला.
ताहेरानं काडी घालून काढला, ओढणीला पुसून
काही न बोलता माझ्या हातात दिला.
वहीत सतरावर तिरकी रेघ मारली.
आठ वर्षं या झाडांना मी
तहान किती दिवसांची, एवढंच विचारत आले.
लागली का, असं विचारणारा
हा पहिलाच माणूस.

मे महिन्यात कणसं सोलली.
बहुतेक बोळकी. दातासारखा इथे एक दाणा, तिथे एक.
मग त्रेचाळीस.
खुरटी, पिवळट, एका अंगाला कललेली,
जिच्या पिशव्या ताहेरा सगळ्यात शेवटी बांधायची.
अंतर दोन दिवस.
एका कणसात दोनशे अकरा दाणे,
रांगा वाकड्या, टोक बोटभर मोकळं,
पण दाणे टणक.

गुरुबसप्पाला बोलावलं.
खरं सांग, हिला किती बादल्या?
त्यानं कणीस हातात उलटंसुलटं फिरवलं,
अंगठ्यानं एक दाणा दाबून पाहिला.
"हिला कुठं," म्हणाला,
"ही आवडलीच नव्हती ना मला."

दाणे पाकिटात भरले, वर आकडा लिहिला.
नाव या वेळी ठरवलं नाही.
अजून किती पिढ्या हिला स्वतःशीच जोडायची,
मग एखाद्या परक्या ओळीशी,
मग पुन्हा व्हॉल्व, पुन्हा मार्च.

निघताना त्यानं पाच दाणे मागितले.
दिले. नियमात बसत नाही.
भाजायला नेले की पेरायला,
मी विचारलं नाही,
त्यानंही सांगितलं नाही.